नस शंभर टक्के बंद, तरी घाई कशाची?

प्रश्न थोडक्यात असा. वडील ६३ वर्षांचे, एसटीतून निवृत्त, सातारा जिल्ह्यातल्या गावी राहतात. मधुमेह जुना. गेले काही महिने शेताकडचा चढ चढताना छातीत भरून येतं, थांबलं की पाच मिनिटांत बरं वाटतं. अँजिओग्राफीत उजवी नस, म्हणजे आरसीए, शंभर टक्के बंद निघाली. डाव्या बाजूच्या दोन नसांपैकी एलएडीत ४० टक्के आणि सर्कमफ्लेक्समध्ये ३० टक्के ब्लॉक. एकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, पंपिंग (दर ठोक्याला हृदय आपल्यातलं किती रक्त बाहेर टाकतं ते) ५० टक्के. त्याच टेबलावर नस उघडायला पाऊण तास वायर घालून पाहिली, ती पुढे गेली नाही. मग तिथल्या डॉक्टरांनी बायपास सांगितलं, दुसऱ्यांनी गोळ्यांवर राहायला सांगितलं आणि पुण्यातल्या तिसऱ्यांनी सांगितलं की नस उघडता येईल, पण खर्च जास्त. मुलगा विचारतो, यातलं कुणाचं ऐकायचं? आणि नस पूर्ण बंद असेल तर वडील अजून चालते-फिरते कसे?

आधी एक सांगून ठेवतो. मी अँजिओप्लास्टी करणारा हृदयरोगतज्ज्ञ आहे आणि जुन्या बंद नसा उघडणं हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. तेव्हा माझा कल स्टेंटकडे असणार हे धरूनच पुढचं वाचा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घरातली सगळी घबराट त्यातूनच येते. ‘शंभर टक्के’ दोन प्रकारचे असतात. हार्ट अटॅकमध्ये नसेतला चरबीचा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी बसते आणि नस काही मिनिटांत बंद पडते. पलीकडच्या स्नायूला तयारीला वेळच मिळत नाही, तो मरायला लागतो. तिथे प्रत्येक मिनिट मोलाचं, तिथे रात्री दोन वाजता कॅथलॅब, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीची खोली, उघडायची. तुमच्या वडिलांचा प्रकार दुसरा आहे. नस वर्षानुवर्षं हळूहळू अरुंद होत गेली आणि शेवटी बंद पडली. तीन महिन्यांहून जास्त काळ पूर्ण बंद असलेल्या नसेला आम्ही क्रॉनिक टोटल ऑक्लूजन, बोलताना सीटीओ म्हणतो. हे काही दुर्मिळ नाही. ज्यांच्या अँजिओग्राफीत लक्षणीय ब्लॉक सापडतात अशा पाच-सहा जणांत एकाला तरी अशी नस असते, आणि बहुतेक वेळा ती आरसीएच असते. यातल्या कितीतरी जणांना आपल्याला कधी झटका येऊन गेल्याचं आठवतही नाही.

नस सावकाश बंद होत असताना हृदय पर्यायी वाटा तयार करतं. डाव्या एलएडीतून मधल्या पडद्यातून जाणाऱ्या बारीक शाखा वाढतात आणि उजव्या नसेच्या टोकाला मागच्या बाजूने रक्त पोचवतात. यांना कोलॅटरल म्हणतात. गावाकडचं उदाहरण द्यायचं तर डांबरी रस्ता बंद पडला की पांदणीने वाहतूक सुरू होते. बैलगाडी जाते, उसाचा ट्रक जात नाही. वडील घरात वावरतात, अंघोळ करतात, पारावर जाऊन बसतात, तेवढ्याला कोलॅटरल पुरतात. चढ लागला, स्नायूची मागणी वाढली की तुटवडा पडतो आणि छाती भरून येते. ‘कोलॅटरल चांगले आहेत, म्हणजे काही करायची गरज नाही’ असं काही वेळा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. सीटीओच्या पलीकडचा दाब मोजून पाहिला तर कोलॅटरल कितीही सुरेख दिसोत, तो जवळजवळ प्रत्येक रुग्णात श्रमाला अपुराच निघतो. चांगल्या कोलॅटरलचा फायदा एवढाच की स्नायू जिवंत राहिला. तो फायदाही लहान नाही, वडिलांचं पंपिंग ५० टक्क्यांवर टिकलं ते त्यामुळेच.

एवढ्यावरून घाई नाही हे लक्षात आलं असेल. पुढच्या आठवड्यात नस उघडली नाही तर झटका येईल, ही भीती सीटीओच्या बाबतीत चुकीची आहे. जी नस आधीच बंद आहे ती आणखी बंद व्हायची नाही. पुढचा झटका आलाच तर तो उरलेल्या दोन नसांतल्या ४० आणि ३० टक्क्यांच्या ब्लॉकमधून येण्याची शक्यता जास्त, आणि त्यावर स्टेंट हा उपाय नाही. तिथे गोळ्या, साखर, बीपी आणि तंबाखू सोडणं हेच चालतं. शिवाय ती एलएडी आता दोन नसांचं काम करते आहे, म्हणून तिला जपायला हवं.

मग नस उघडायचीच कशाला? माझं उत्तर सरळ आहे: त्रासासाठी. आयुष्य वाढेल म्हणून नव्हे. जो कुणी तुम्हाला सांगेल की ही नस उघडली की आयुष्य दहा वर्षांनी वाढेल, त्याच्याकडे त्याला पुरावा नाही. स्थिर हृदयविकारात आधी गोळ्या की आधी स्टेंट-बायपास, यावरचा सगळ्यात मोठा अभ्यास इस्कीमिया. २०२० साली त्याचे निकाल आले, ५,१७९ रुग्ण होते. मृत्यू आणि झटका यांत दोन्ही गटांत ठळक फरक पडला नाही. ज्यांना छातीत दुखत होतं त्यांचं दुखणं मात्र नस उघडल्यावर जास्त कमी झालं. खास सीटीओवर कोरियन डॉक्टरांच्या पुढाकाराने झालेला डिसिजन-सीटीओ २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यू, झटका, पक्षाघात किंवा पुन्हा नस उघडावी लागणं, हे सगळं मिळून एका गटात २२.३ टक्के आणि दुसऱ्यात २२.४ टक्के. फरक शून्य. हा अभ्यास ठरल्याइतके रुग्ण न मिळाल्याने ८३४ वरच थांबवावा लागला आणि गोळ्यांच्या गटातल्या जवळपास पाचव्या हिश्श्याने मध्येच अँजिओप्लास्टी करून घेतली, म्हणून त्यावर आमच्यात अजून वाद चालतात. पण वाद घालूनही आयुष्य वाढल्याचा पुरावा काही हाती लागत नाही.

त्रासाच्या बाजूचा पुरावा युरोपातल्या युरो-सीटीओ अभ्यासात आहे. २०१८ साली आलेल्या त्या अभ्यासात ३९६ रुग्ण होते. वर्षभरानंतर नस उघडलेल्यांपैकी ७१.६ टक्के लोकांना छातीचा त्रास अजिबात राहिला नव्हता. फक्त गोळ्या घेणाऱ्यांत हा आकडा ५७.८ टक्के होता. फरक खरा आहे. पण दुसरा आकडाही नीट पाहा: नुसत्या गोळ्यांवर निम्म्याहून जास्त लोक त्रासमुक्त झाले. आणि या अभ्यासात कुणाची नस उघडली हे रुग्णाला माहीत होतं. स्टेंट टाकला आहे या समाधानानेच माणसाला किती बरं वाटतं, हे २०१७ साली लंडनमधल्या ऑर्बिटा अभ्यासाने आम्हा सगळ्यांना दाखवलं. त्यात एका गटात स्टेंट न टाकताच सगळी प्रक्रिया केल्याचं भासवलं होतं, आणि ट्रेडमिलवरच्या वेळेत दोन गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. पुढे २०२३ मध्ये ऑर्बिटा-२ ने त्रास कमी होतो हे खोट्या प्रक्रियेशी तुलना करूनही दाखवलं, म्हणजे सगळाच मनाचा खेळ नाही. हे दोन्ही अभ्यास सीटीओवरचे नव्हते, पण पेशंटशी बोलताना मी ते डोक्यात ठेवतो. जाणकारांचंही एकमत नाही. २०१८ च्या युरोपियन मार्गदर्शक सूचना म्हणतात की गोळ्यांना न जुमानणारा त्रास असेल तर सीटीओ उघडण्याचा विचार करावा; २०२१ च्या अमेरिकन सूचनांनी तोच सल्ला एक पायरी खाली आणून फायदा अनिश्चित म्हटलं. म्हणून तुम्हाला भेटलेल्या तीन डॉक्टरांची तीन मतं झाली तर त्यात कुणी लबाडी केली असं लगेच समजू नका.

आता ‘त्रास’ म्हणजे काय ते बघू, कारण सगळा निर्णय इथेच फिरतो. ओपीडीत काकांना विचारलं तर उत्तर येतं, “काही त्रास नाही हो डॉक्टर, एकदम ठणठणीत.” शेजारी बसलेल्या काकू खाली बघत म्हणतात, “माडीवर झोपायला जायचं सोडलंय त्यांनी. देवळाच्या पायऱ्याही आता चढत नाहीत, खालूनच हात जोडतात.” हा त्रासच आहे. माणूस हळूहळू आपलं अंगण लहान करत जातो आणि मग त्या अंगणात त्याला काही होत नाही. म्हणून मी वर्षभरापूर्वीचं विचारतो: तेव्हा काय करत होता जे आता करत नाही? मधुमेहात तर छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम लागतो, गळ्याशी आवळल्यासारखं होतं, जबडा किंवा डावा हात जड होतो, आणि घरचे म्हणतात पित्त झालंय. तुमच्या वडिलांचा त्रास त्या मानाने पुस्तकात लिहिल्यासारखा आहे: श्रमाने येतो, विश्रांतीने जातो. तेव्हा त्रास आहे हे नक्की धरतो.

दुसरी गोष्ट, पलीकडचा स्नायू जिवंत हवा. मेलेल्या स्नायूला रक्त पोचवून काही मिळत नाही. एकोत खालची भिंत पातळ, पांढरी आणि न हलणारी दिसत असेल, ईसीजीत जुन्या झटक्याच्या खुणा असतील, तर कार्डिअॅक एमआरआय किंवा थॅलियमसारखी चाचणी करून मगच पुढे जायचं. वडिलांचं पंपिंग ५० टक्के आहे, म्हणजे बराचसा स्नायू शाबूत असावा. पण एको रिपोर्टमधली ‘इन्फिरिअर वॉल’ची, म्हणजे खालच्या भिंतीची, ओळ स्वतः वाचा आणि डॉक्टरांना त्याबद्दल विचारा. त्याच चाचणीतून किती भागाला रक्त कमी पडतंय हेही कळतं. तो भाग लहान असेल तर एवढा खटाटोप कुणासाठी?

गोळ्यांकडे येतो. ‘गोळ्या चालू आहेत’ हे वाक्य मी रोज ऐकतो आणि पिशवी उघडली की त्यात अॅस्पिरिन, अॅटोर्व्हास्टॅटिन १० मिलिग्रॅम आणि पोटाची एक गोळी निघते. याला गोळ्यांवर ठेवणं म्हणत नाहीत. छातीच्या दुखण्यासाठी बीटा ब्लॉकर हवा, उदाहरणार्थ मेटोप्रोलॉल, इतका की बसल्या जागी नाडी ५५ ते ६० च्या आसपास येईल. त्याच्या जोडीला अॅम्लोडिपिन किंवा नायट्रेट. तरी भागलं नाही तर रॅनोलाझिन, निकोरँडिल किंवा ट्रायमेटाझिडिन. निकोरँडिल घेणाऱ्याला तोंडात न भरणारे छाले आले तर ते जीवनसत्त्वाच्या गोळीने बरे होत नाहीत, औषध बदलावं लागतं. दातांचे डॉक्टर बिचारे महिनोन्‌महिने मलम देत राहतात. मधुमेह आहे म्हणून आणखी एक: रॅनोलाझिन पूर्ण डोसमध्ये असेल तर मेटफॉर्मिन दिवसाला १,७०० मिलिग्रॅमच्या वर नको. कोलेस्टेरॉलचं औषध जोरात हवं, अॅटोर्व्हास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुव्हास्टॅटिन २० ते ४०, आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ५५ च्या खाली आला नाही तर एझेटिमाइबची जोड. हे सगळं नीट सहा ते आठ आठवडे घेऊन वडील पुन्हा त्याच चढावर चालून बघू देत. त्रास गेला, तर माझ्या मते कॅथलॅबचं नाव काढायची गरज नाही. गोळ्यांवर राहा म्हणणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला हाच असेल तर तो योग्यच आहे, फक्त गोळ्या खऱ्या अर्थाने चालू आहेत का ते तपासा. हे बदल मात्र डॉक्टरांच्या हातून. बीपी, नाडी आणि किडनी बघूनच डोस ठरतो.

बायपासबद्दल फार लिहीत नाही, कारण तुमच्या केसमध्ये तो प्रश्न फारसा उभा राहत नाही. एकट्या आरसीएसाठी छाती उघडणं मला पटत नाही. वायर गेली नाही, एवढं एक कारण बायपासला पुरत नाही. चित्र वेगळं असतं, तिन्ही नसांत मोठे ब्लॉक, जोडीला मधुमेह, किंवा एलएडीच सुरुवातीला बंद, तर मी स्वतः तुम्हाला सर्जनकडे पाठवलं असतं. मधुमेह आणि एकाहून जास्त नसांत ब्लॉक असतील तर बायपास सरस ठरतो हे २०१२ च्या फ्रीडम अभ्यासापासून पक्कं आहे.

समजा गोळ्या पूर्ण जोरात देऊनही वडिलांना चढ चढवत नाही. मग नस उघडण्याचा विचार करायचा, आणि इथे पुण्यातल्या डॉक्टरांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. आधी झालेल्या प्रयत्नाचं काय, हे मात्र समजून घ्या. टेबलावर असतानाच डॉक्टर बाहेर येतात, टोपी-मास्क गळ्यात, आणि दारात उभ्या असलेल्या मुलाला सांगतात, “शंभर टक्के ब्लॉक आहे, आत्ताच करायचं का ठरवा.” मुलगा काय म्हणणार? सही करतो. सीटीओमध्ये हे करू नये. अँजिओग्राफी झाली की पेशंटला खाली उतरवायचं, फिल्म शांतपणे बसून पुन्हा पुन्हा बघायची, किडनी बघायची, घरच्यांशी बोलायचं आणि वेगळ्या दिवशी, पूर्ण तयारीने, सकाळी पहिली केस म्हणून घ्यायची. दोन केसच्या मधल्या पाऊण तासात उरकण्याचं हे काम नाही.

पहिला प्रयत्न फसला म्हणजे दार बंद झालं असं नाही. ओढाताणीत नसेच्या भिंतीला चिरा पडल्या असतील तर त्या भरून यायला दोन-तीन महिने द्यायचे आणि मग अशा नसा नेहमी उघडणाऱ्या माणसाकडे जायचं. काम किती अवघड जाईल याचा अंदाज घ्यायला जपानी डॉक्टरांनी केलेला जे-सीटीओ स्कोअर वापरतात. पाच गोष्टींना एकेक गुण: बंद तोंड निमुळतं नसून बोथट आहे का, आत कॅल्शियम आहे का, बंद भागात ४५ अंशांहून जास्त वळण आहे का, लांबी २० मिलिमीटर किंवा जास्त आहे का, आणि आधी प्रयत्न फसलाय का. शून्य म्हणजे सोपं, तीन किंवा जास्त म्हणजे अतिशय अवघड. आधीचा प्रयत्न फसल्याचा एक गुण तर वडिलांना लागलाच. बाकीचे चार तुमच्या डॉक्टरांकडून मोजून घ्या. तुम्ही ‘जे-सीटीओ किती आहे?’ एवढं विचारलं तरी समोरच्या माणसाचा या कामाशी किती संबंध आहे ते उत्तरावरून कळेल.

आत नेमकं काय चालतं ते सांगतो, म्हणजे दोन-तीन तास का लागतात ते समजेल. पेशंट जागाच असतो. मनगटातून आणि जांघेतून, किंवा दोन्हीकडे मनगटातून, दोन कॅथेटर, म्हणजे बारीक नळ्या, जातात: एक उजव्या नसेच्या तोंडाशी, एक डाव्या. दोन्हीकडून एकाच वेळी डाय (एक्स-रेत दिसणारा द्रव) सोडला की मॉनिटरवर प्रथमच पूर्ण चित्र दिसतं. वरून नस येते आणि तुटल्यासारखी संपते. मग रिकामी जागा. आणि एक-दोन ठोक्यांनी डावीकडून आलेला डाय कोलॅटरलमधून झिरपत खालचं टोक उलट दिशेने भरू लागतो. ती मधली रिकामी जागा किती लांब, कुठे वळते, पलीकडचं टोक कसं आहे, हे या दुहेरी चित्राशिवाय कळतच नाही. ज्या केसमध्ये दुसऱ्या बाजूने डाय सोडलाच नव्हता तिथे वायर आंधळेपणाने चालवली होती असं मी समजतो. अँजिओग्राफीच्या सीडीत हे बघता येतं.

मग केसासारखी बारीक वायर, जाडी एका मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश, मायक्रोकॅथेटरच्या आधाराने पुढे न्यायची. बंद भागाचं वरचं तोंड सहसा टणक असतं, तंतू आणि कॅल्शियमचं. आधी मऊ टोकाची वायर लावून बघायची, आतल्या सूक्ष्म वाटेतून ती निसटते का; नाही तर टोकदार, कडक वायर घ्यायची, वाट फोडायची आणि लगेच पुन्हा मऊ वायरवर यायचं. बोटांना टोकाचा अडथळा जाणवतो, पण नस आहे की नसेबाहेरचा भाग हे बोट सांगत नाही; त्यासाठी दोन वेगवेगळ्या कोनांतून बघायचं. वायर बरेचदा नसेच्या पोकळीत न राहता भिंतीच्या थरांत शिरते. पूर्वी इथे हात टेकायचे. आता भिंतीतूनच पुढे जाऊन पलीकडे पुन्हा पोकळीत उतरण्याची तंत्रं आहेत. तेही जमलं नाही तर उलट्या वाटेने जायचं: डावीकडून एलएडीत, तिथून हृदयाच्या मधल्या पडद्यातल्या कोलॅटरलमधून, हृदय धडधडत असताना, उजव्या नसेच्या खालच्या टोकाला. ते खालचं तोंड वरच्यापेक्षा बहुधा मऊ असतं. दोन्हीकडच्या वायर बंद भागात एकमेकींशेजारी आणायच्या, मध्ये फुगा फुगवून त्यांच्यातली भिंत मोकळी करायची, आणि सव्वातीन मीटरहून लांब वायर एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने बाहेर काढायची. या उलट्या वाटेच्या युक्त्या आणि त्यासाठीच्या बहुतेक वायर जपानमधून आल्या. एक वाट अडली की हट्ट न धरता दुसरी धरायची ही पद्धत अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये हायब्रिड अल्गोरिदम म्हणून मांडली. आज सराव असलेल्या हातात दहातल्या साडेआठ-नऊ नसा उघडतात. सराव नसलेल्या हातात हे प्रमाण बरंच घसरतं, आणि साध्या अँजिओप्लास्टीत कितीही नाव असलं तरी इथे ते कामाला येत नाही.

वायर गेल्यावर पुढचं नेहमीचंच: फुगा, मग स्टेंट. फरक एवढाच की वर्षानुवर्षं उपाशी राहिलेली पलीकडची नस आकसलेली दिसते आणि डोळ्यांनी मोजलं तर स्टेंट लहान निवडला जातो. म्हणून आयव्हस, म्हणजे नसेच्या आतून करायची सोनोग्राफी, मी सीटीओमध्ये जरुरीची समजतो. ती होणार का, हे आधी विचारा.

धोके. साध्या अँजिओप्लास्टीपेक्षा इथे ते जास्त आहेत आणि सही करण्याआधी कुणीतरी ते तुम्हाला मराठीत सांगायला हवेत. सरावाच्या केंद्रांतसुद्धा शंभरात दोन-तीन जणांना मोठी गुंतागुंत होते. नस फुटून हृदयाभोवती रक्त साठतं, ते सुई घालून काढावं लागतं. उलट्या वाटेने जाताना चांगल्या एलएडीला इजा झाली तर मामला गंभीर होतो, कारण सगळं हृदय तेव्हा तिच्यावरच उभं असतं. मृत्यूही होतो, शंभरात एकाहून कमी, पण शून्य नव्हे. डाय जास्त लागतो, म्हणून मधुमेही किडनीचा ईजीएफआर (किडनी किती रक्त गाळते त्याचा आकडा) आधी बघायचा आणि डायचे मिलिलिटर त्या आकड्याच्या तिपटीच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. एक्स-रेचा मारा मोठा असतो. मशीनवरचा किरणांचा आकडा ५ ग्रेच्या (किरणांचं एकक) वर गेला असेल तर तो डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या आणि दोन-चार आठवड्यांनी वडिलांच्या पाठीवर चौकोनी लाल चट्टा उठलाय का बघा. त्वचेच्या डॉक्टरांना गजकर्ण वाटू शकतो. चांगला ऑपरेटर कुठे थांबायचं हे आधीच ठरवून आत जातो.

खर्च जास्त का? फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली आणि तेव्हापासून तो आकडा बदलत असला तरी आवाक्यात आहे. पण लांब आरसीएला दोन-तीन स्टेंट लागू शकतात, आणि खरा पैसा वायर, मायक्रोकॅथेटर, आयव्हस यांत जातो. स्टेंटची मर्यादा त्यांना लागू नाही. एका केसमध्ये चार-पाच वायर सहज लागतात. म्हणून अंदाजपत्रक दोन आकड्यांत मागा, नस सोपी निघाली तर किती आणि अवघड निघाली तर किती, आणि उघडलीच नाही तर किती हेही. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. पण सीटीओचं जास्तीचं सामान पॅकेजमध्ये धरलंय का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून दाखल होण्याआधी स्पष्ट करून घ्या.

नस उघडली तर त्यानंतरच्या गोळ्यांत हयगय चालत नाही. मुख्य रस्ता सुरू झाला की कोलॅटरल काही काळात आकसतात. उद्या गोळी बंद केल्याने स्टेंटमध्ये गुठळी झाली तर पूर्वीसारखा आधार लगेच मिळेलच असं नाही, आणि मग तो खरा झटका ठरू शकतो. अॅस्पिरिनबरोबर क्लोपिडोग्रेल सहा महिने ते वर्ष, नंतर एक गोळी कायम. दात काढायचाय म्हणून कुणी परस्पर बंद करायला सांगितलं तर आधी फोन करा.

जाता जाता, तुम्हाला कुणीतरी ‘बिनाऑपरेशन बायपास’ची जाहिरात पाठवेलच. पायाला पट्टे बांधून दाब देणारं ईईसीपी काही जणांचं दुखणं कमी करतं, पण बंद नस उघडत नाही. दुसरा कुठलाच पर्याय उरला नसेल तेव्हाची ती गोष्ट आहे. सलाइनमधून ब्लॉक धुऊन काढणाऱ्या किलेशनवर पैसे घालवू नका. मधुमेह असलेल्या आणि झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर झालेल्या टॅक्ट-२ अभ्यासात, २०२४ साली, त्याचा काही उपयोग दिसला नाही.

तेव्हा आता करायचं ते असं. अँजिओग्राफीची सीडी मिळवा. कागदी रिपोर्टवर कुणीही सल्ला देऊ शकत नाही. एको, ईसीजी, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि सध्याच्या सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन आधी जवळच्या फिजिशियनकडे जा आणि गोळ्या पूर्ण जोरात करून घ्या. दोन महिन्यांनी त्रास उरला तर सीडी घेऊन अशा नसा आठवड्याला करणाऱ्या डॉक्टरांकडे जा. ‘तुम्ही वर्षाला किती सीटीओ करता, उलट्या वाटेने करता का, नस फुटली तर तुमच्याकडे काय तयारी असते?’ हे विचारायला लाजू नका. चांगला डॉक्टर चिडत नाही.

तोवर वडिलांच्या खिशात सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅमची पट्टी असू द्या. दुखलं तर आधी खाली बसायचं, मग गोळी जिभेखाली. उभ्याने घेतली तर चक्कर येऊन पडतात. व्हायग्रासारखं औषध घेतलं असेल तर मात्र ही गोळी अजिबात नाही, आणि हे वडिलांना एकट्यात विचारा. दुखणं बसल्या जागी येऊ लागलं, रोज थोड्याशा कामानेही येऊ लागलं, किंवा गोळी घेऊनही दहा-पंधरा मिनिटांत थांबलं नाही, तर वर लिहिलेलं ‘घाई नाही’ विसरा. तेव्हा १०८ लावा आणि कॅथलॅब असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय गाठा.